जाळ्याचा आस किती असावा? नाशिकच्या धरणांवर स्वतः करून पाहायचा अभ्यास

"साठचं जाळं द्या," एवढंच मी दुकानात सांगितलं होतं. दोन रात्री ते पाण्यात लावलं, दोन्ही सकाळी जवळजवळ रिकामं ओढलं, आणि मग पट्टी लावली. दुकानदाराने साठ मिलिमीटर म्हणजे एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंतचं अंतर धरलं होतं. मला हवं होतं ते आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, पूर्ण ताणल्यावरचं, समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर. म्हणजे साठऐवजी मी एकशेवीसचं जाळं लावून बसलो होतो. चूक माझीच, मी नीट सांगितलं नव्हतं. पण त्यानंतर आसाचा आकडा कुणी सांगितला की मी आधी विचारतो, ताणलेला की गाठ ते गाठ?

हा लेख गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा, चणकापूर, गिरणा अशा पाण्यांवर मासेमारी करणाऱ्या संस्थांच्या सभासदांसाठी आहे, आणि प्राणिशास्त्राचा प्रकल्प वर्गाबाहेर करायची हौस असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. प्रश्न एकच आहे: आपल्या पाण्यात कोणत्या आसाचं जाळं वापरावं? उत्तर काढायला प्रयोगशाळा लागत नाही. चार-पाच जाळी, एक फळी, एक वजनकाटा, एक वही आणि साधारण वर्षभराची चिकाटी पुरते. चिकाटी सगळ्यात महाग पडते.

आधी ठरवा, कोणत्या माशासाठी विचारताय

"लहान मासा धरू नका" हे सगळेच सांगतात. का धरू नये, हे मात्र माशागणिक बदलतं, आणि इथेच बहुतेक अभ्यास गडबडतात.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांना अंडी सोडायला पुराचं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी सोडत नाहीत. म्हणून संस्था पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, विकत आणून सोडते. अशा माशाच्या बाबतीत "एकदा तरी अंडी घालू द्या" हा मुद्दा फारसा लागू नाही. इथे हिशेब वजनाचा आहे. माशाचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ३० सेंटिमीटरचा रोहू ३८ सेंटिमीटरचा झाला की लांबी सव्वापटीला थोडी वर जाते, वजन मात्र दुप्पट होतं. तो लवकर काढला तर सोडलेल्या बोटुकलीचे पैसेही नीट वसूल होत नाहीत.

शिवडा, घोगऱ्या, वाम, खडस (म्हणजे महसीर) यांची बोटुकली आपल्याकडे सहसा कुणी सोडत नाही. ते जे काही आहेत ते स्वतःच्या पिलांवर टिकून आहेत. इथे अंडी घालण्याआधी मासा धरला की तोटा पुढच्या वर्षीचा, आणि तो कुणाच्या खात्यावर दिसत नाही.

चिलापीचं गणित तिसरंच. ती परदेशातून आलेली, १९५२ मध्ये भारतात आणलेली. मादी अंडी-पिलं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते, आणि गर्दी झाली की हाताएवढीही न होता पिलं देऊ लागते. मोठ्या आसाची जाळी लावून तिला मोकळं सोडणं म्हणजे उरलेल्या माशांचं खाद्य तिला देणं. तिच्यासाठी लहान आसच बरा.

म्हणजे एका धरणाला एकच "योग्य आस" असं काही नसतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: आपण कोणत्या जातीसाठी विचारतोय, आणि प्रश्न वजनाचा आहे की पिलांचा.

परवानगी

धरण जलसंपदा विभागाचं आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, अशी बहुतेक ठिकाणची व्यवस्था. त्यामुळे संस्थेचा ठराव आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला पत्र, ही दोन कामं आधी करा. विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाचं पत्र जोडा. ज्यांच्या पाण्यात जाणार त्या भोई, कोळी, भिल्ल कुटुंबांना मात्र पत्राने नाही, चहा पिताना सांगा. त्यांनी मनावर घेतलं नाही तर तुमची जाळी लावणार कोण?

एक जागा सोडून द्या. नांदूर मध्यमेश्वर, म्हणजे गोदावरी-कादवा संगमावरचं निफाड तालुक्यातलं पाणी, हे अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाळं तर सोडाच, नमुनाही घेता येत नाही.

जाळी बनवताना

पाच आस घ्या: ४०, ५०, ६३, ८० आणि १०० मिलिमीटर, सगळे ताणलेले. हे आकडे उगाच नाहीत. प्रत्येक आस आधीच्याच्या सव्वापट आहे. असं ठेवलं की एका जाळ्यातून निसटणारा मासा पुढच्या जाळ्याच्या टप्प्यात येतो आणि मध्ये भोक राहत नाही. बाजारात ६३ मिळत नसेल तर ६० किंवा ६५ चालेल, फक्त खरा आकडा लिहा. मोठा शिवडा किंवा कटला असलेलं पाणी असेल तर १२५ चा सहावा पट्टा जोडा.

खरा आकडा कसा काढायचा? जाळं ओलं करा, कारण नायलॉनचं जाळं कोरडं आणि ओलं थोडं वेगळं भरतं. सलग दहा आस एका रेषेत ताणून पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत मोजा आणि दहाने भागा. पट्ट्याच्या तीन जागी असं करा. नवं जाळं महिनाभर वापरल्यावर पुन्हा मोजा, गाठी सरकलेल्या असू शकतात.

आसाइतकंच महत्त्वाचं, पण सगळे विसरतात ते म्हणजे जाळं दोरीला किती सैल शिवलंय. ५० मीटर ताणलेलं जाळं २५ मीटर दोरीला शिवलं तर प्रमाण अर्धं झालं. असं सैल जाळं माशाला गुरफटवतं. तेच जाळं ३५ मीटर दोरीला शिवलं तर ताठ उभं राहतं आणि मासा कल्ल्यात अडकतो. दोन्हींचा आस एकच असला तरी पकड वेगळी. म्हणून पाचही पट्टे एकाच प्रमाणात शिवा, अर्ध्यावर ठेवलं तरी हरकत नाही. तंगूसची (जाळ्याच्या नायलॉन धाग्याची) जाडी, रंग, वरचे तरंगणारे बुच आणि खालचं शिसं हेही सारखं ठेवा. प्रत्येक पट्टा २५ मीटर लांब आणि २ मीटर खोल. फरक फक्त आसाचा राहिला पाहिजे, नाहीतर वर्षाच्या शेवटी नक्की कशामुळे काय झालं हे देवालाही सांगता येणार नाही.

पाण्यात लावताना

संध्याकाळी सहाला लावणं, सकाळी सहाला काढणं. दर महिन्याला तीन रात्री, तीन वेगळ्या जागी: नदी जिथे धरणात शिरते तिथे, एखाद्या खाडीसारख्या आत घुसलेल्या भागात, आणि मधल्या खोल पाण्यात. भिंतीजवळ आणि विसर्गाच्या दाराजवळ जाऊ नका. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर रात्री जाणारे लोक पोहणारे असतात हे खरं, पण जाळ्यात पाय अडकला की पोहणं कामाला येत नाही. लाइफ जॅकेटवर पैसे खर्च करा, वजनकाटा जुना चालेल.

पाच पट्टे एका रांगेत जोडायचे असतील तर दोन पट्ट्यांमध्ये दोन मीटर मोकळी दोरी ठेवा. मासा जाळ्याच्या कडेने चालत जातो आणि लहान आसाला टेकून पुढच्या मोठ्या आसात शिरतो. क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. चाळीसचं जाळं कायम काठाजवळ राहिलं तर काठाचा परिणाम आसाचा वाटेल.

रात्रीची नोंद: तारीख, तिथी, वारा, पाण्याचा गढूळपणा, खोली. तिथी अंधश्रद्धा म्हणून लिहायची नाही. चांदण्यात मासा जाळं पाहतो, म्हणून पौर्णिमेच्या आसपास जाळं कमी भरतं, हे जुनी माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. तुमच्या वहीत ते दिसतं की नाही ते तपासा.

पण नाशिककरांनी विसरू नये अशी खरी नोंद वेगळीच आहे. एका मार्चमध्ये माझी पकड अचानक वाढली आणि मी खुशीत होतो. वही पाहून बरोबरचे काका म्हणाले, "सर, आवर्तन सुटलंय हे लिहिलंय का?" लिहिलं नव्हतं. कालव्यात पाणी सोडलं, साठा खाली आला, तेच मासे कमी पाण्यात गोळा झाले आणि जाळ्यात आले. मासे वाढले नव्हते, पाणी घटलं होतं. तेव्हापासून मी धरणाच्या साठ्याची टक्केवारी प्रत्येक रात्रीपुढे लिहितो. ती जलसंपदा विभागाकडून रोज जाहीर होते. पकड लिहिताना "आज आठ किलो" असं न लिहिता "एका पट्ट्याला एका रात्रीत इतके किलो" असं लिहा, आणि शेजारी साठा. दोन्ही एकत्र नसतील तर उन्हाळ्याचे आकडे फसवतात.

जाळ्यात कासव किंवा पाणकावळा सापडला तर जाळं कापा, त्याची मान किंवा पाय ओढू नका. तेवढा भाग पुन्हा शिवता येतो. आपल्या गोड्या पाण्यातली अनेक कासवं वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, ती घरी नेण्याचा विचारही करू नका.

मोजताना

प्लायवूडची ६० सेंटिमीटर फळी, तिच्यावर स्टीलची पट्टी, शून्याच्या टोकाला उभी पाटी. माशाचं तोंड पाटीला टेकवायचं, शेपटी मिटवून सगळ्यात लांब टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये लिहायची. शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी मोजायची असेल तर सगळ्यांचीच तशी मोजा, एकाच वहीत दोन पद्धती मिसळू नका. पोटाचा घेर सुतळीने घ्या, मग सुतळी पट्टीवर ठेवा. वजन करण्याआधी मासा फडक्याने पुसा.

मग एक असा रकाना, जो मला सगळ्यात उपयोगी पडला: मासा अडकला कसा? कल्ल्याला, पोटाला, तोंडाला की नुसता गुरफटला? चिलापी आणि शिंगटा यांना काटे असतात, ते कोणत्याही आसात काट्याने अडकतात. हा रकाना नसेल तर पुढची सगळी आकडेमोड त्यांच्यामुळे बिघडते.

माणसाचा हात पाच आणि शून्याकडे ओढला जातो. विद्यार्थ्यांच्या वह्यांत २४०, २४५, २५० असे आकडे दाटीने दिसतात, २४३ औषधालाही नसतो. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, म्हणजे हे कमी होतं. आणि चाळीसच्या जाळ्यात चारशे खवली आल्या तर सगळ्या मोजायचा हट्ट नको. टोपली ढवळा, न निवडता पन्नास काढून मोजा, बाकी वजनावरून मोजा.

नावं आधी बोलीत लिहा, शास्त्रीय नंतर. कमी लेखण्यासारखी गोष्ट नाही ही. कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये छापलं तेव्हा त्याने कितीतरी शास्त्रीय नावं इथल्या माणसांच्या तोंडून घेतली. मिस्टस सीन्गटी म्हणजे आपली शिंगटी, रिटा गोग्रा म्हणजे घोगऱ्या. दोनशे वर्षं होत आली तरी मराठी नाव लॅटिनच्या कपड्यात जगभर फिरतंय. गावागणिक नाव बदलतं, म्हणून प्रत्येक नावासोबत पट्टी ठेवून एक फोटो काढा.

गाबोळीची वही

मासा किती लांबीला पहिल्यांदा अंडी धरतो, हे पोट उघडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी मासे मुद्दाम मारायची गरज नाही, बाजारात ते रोज साफ होतातच. मासे साफ करून देणाऱ्या बायकांना गाबोळी कधी, कोणत्या माशात, केवढ्या माशात येते हे तोंडपाठ असतं. मे ते सप्टेंबर दर आठवड्याला एक सकाळ त्यांच्याजवळ बसा. प्रत्येक माशासाठी जात, लांबी, आणि तीनपैकी एक खूण: गाबोळी नाही, कच्ची, भरलेली. मोजणीसाठी त्यांचा वेळ घेता, तर त्याचे पैसे द्या.

जातवार लांबीचे गट पाडा, दोन-दोन सेंटिमीटरचे. ज्या गटात निम्म्या माद्यांना गाबोळी दिसते, ती त्या जातीची पहिल्या विणीची लांबी. एका गटात चार-पाचच मासे असतील तर घाई करू नका, पुढच्या पावसाळ्याची वाट पाहा.

आकडेमोड

रशियन शास्त्रज्ञ बारानोव्ह याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेली कल्पना इथे अजूनही कामाची आहे. एकाच जातीचे लहान-मोठे मासे साधारण एकाच आकाराचे असतात, तसेच आसही. म्हणून आस दीडपट केला तर त्यात सर्वाधिक अडकणारा मासाही दीडपट लांब. आसाची परिमिती ताणलेल्या आसाच्या दुप्पट असते, आणि पोटाचा घेर तिच्या साधारण सव्वापट असलेला मासा सगळ्यात घट्ट अडकतो.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा एका जातीत ६३ च्या जाळ्यात सर्वाधिक मासे २५ सेंटिमीटरचे आणि ८० च्या जाळ्यात ३२ सेंटिमीटरचे आले. दोन्हीत भागाकार जवळपास चारच येतो: मासा आसाच्या चौपट. आता या जातीची पहिल्या विणीची लांबी ४० सेंटिमीटर निघाली. चारने भागलं, १०० मिलिमीटर. झालं उत्तर?

नाही. इथेच बहुतेक अहवाल संपतात आणि चुकतात. जाळं एकाच लांबीचा मासा धरत नाही. सर्वाधिक सापडणाऱ्या लांबीच्या दोन्ही बाजूंना साधारण वीस टक्क्यांपर्यंतचे मासे त्यात येतात, त्यापलीकडचे क्वचित. म्हणजे १०० चं जाळं ३२ पासून ४८ सेंटिमीटरपर्यंत धरणार, आणि त्यातले जवळपास निम्मे अजून एकदाही अंडी न घातलेले. खालचं टोक ४० वर यायचं तर सर्वाधिक पकड ५० सेंटिमीटरला हवी, म्हणजे आस १२५. शंभर आणि एकशेपंचवीस यांतला फरक शिवड्यासारख्या माशाला पिढी मिळते की नाही, एवढा आहे.

रोहू-कटल्याला हेच गणित लावू नका. त्यांच्यासाठी लांबीच्या प्रत्येक गटाचं सरासरी वजन आणि त्या आकाराला मिळणारा किलोचा भाव शेजारी मांडा. अर्धा किलोच्या आणि दीड किलोच्या माशाला भाव वेगळा मिळतो. किती महिने थांबल्यावर जास्त पैसे होतात हे त्या दोन रकान्यांतून दिसतं, मात्र तेवढ्या काळात चोरीने किंवा पुरात किती मासा जातो हेही प्रामाणिकपणे धरा. गुरफटलेल्या, काट्याने अडकलेल्या माशांना या हिशेबातून वेगळं काढा.

आणि एक सावधगिरी. जाळ्यात जे आलं ते धरणात जेवढं आहे त्याचं चित्र नव्हे. शंभरच्या जाळ्यात लहान मासा नाही, म्हणून धरणात लहान मासा नाही असं म्हणणं म्हणजे चाळणीवर उरलेल्या दाण्यांवरून पिठाचा अंदाज करण्यासारखं.

हरवलेली जाळी

पाणी उतरलं की काठावर आणि बुडीत झाडांच्या खुंटांवर जुनी जाळी दिसतात. तंगूस कुजत नाही, त्यामुळे असं जाळं मालकाशिवाय मासे, पाणसाप, कासवं धरतच राहतं. मे महिन्यात एक दिवस काठाने चालून ती गोळा करा. लांबी, आस, त्यात काय मेलेलं होतं, एवढं लिहा. स्वतःच्या जाळ्याच्या बुचांवर रंग आणि संस्थेचं नाव घातलं तर हरवलेलं परतही मिळतं.

समुद्राचा मासा, इथल्या बाजारात

कसारा घाट चढून बर्फातला पापलेट-बोंबील नाशिकला येतो. त्याचाही छोटा अभ्यास इथे बसून करता येतो. राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. ती यादी मत्स्यव्यवसाय विभागाकडून घ्या, विक्रेत्याला विचारून महिन्यातून दोनदा प्रत्येक जातीचे पन्नास मासे फळीवर ठेवा आणि किती टक्के कमी लांबीचे आहेत ते काढा. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, तेव्हा बाजारात कुठून काय येतं ही नोंदही मोलाची. मात्र निष्कर्ष जपून काढा. मासा डोळ जाळ्यातला (एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं) की ट्रॉलमधला (बोटीने ओढायचं जाळं), कोणत्या बंदरावरचा, हे इथे सांगता येत नाही. ट्रॉलच्या मागच्या खोळीत चौकोनी आस असेल तर ताण पडल्यावरही भोकं उघडी राहतात आणि लहान मासा निसटतो, शंकरपाळ्याच्या आकाराचा आस मात्र ओढताना मिटतो. तुमच्या टोपलीतला पापलेट कोणत्या खोळीतून आला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. आणि विक्रेत्या मावशींना आरोपी करू नका, त्यांनी जाळं ओढलेलं नाही.

संस्थेच्या सभेत

आकडे आधी संस्थेला दाखवा, मग महाविद्यालयाला. मोठ्या कागदावर पाच रंगांत पाच आस, प्रत्येकात किती लांबीचे किती मासे. लांबी दाखवायला सुतळीचे तुकडे चिकटवा, सेंटिमीटरपेक्षा ते चटकन कळतात. खडस सापडणाऱ्या डोहांची नावं मात्र कागदावर लिहू नका, फोटोही फिरवू नका, नाहीतर सगळे तिथेच जाळी घेऊन जातील.

सभेत पहिला प्रश्न ठरलेला: "आस वाढवला तर पहिले काही महिने मासा कमी येईल, तेव्हा घर कसं चालवायचं?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर न देता ठराव मांडला तर तो कागदावरच राहतो. आम्हाला जमलं ते असं: चालू जाळी टाकायची नाहीत. तंगूसची जाळी हंगाम-दोन हंगामात फाटतातच. फाटलेल्या जाळ्याच्या जागी नवं घेताना फक्त वरच्या आसाचं घ्यायचं, आणि ५० चा एकेक पट्टा चिलापीच्या उथळ खाड्यांसाठी ठेवायचा. खरेदीला जाणाऱ्याच्या खिशात स्टीलची पट्टी द्या, आणि दुकानात दहा आस ताणून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.